नखभर अफू

तान्ह्या पोराच्या तोंडात करंगळी घालण्याआधी म्हातारी त्या करंगळीचं नख आपल्या कपाळाला लावायची. त्या नखात तिळाएवढी अफू असे. "नखभरच गो. उगी ऱ्हाईल," म्हणायची.

दुसरं महायुद्ध चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. धसईजवळच्या आमच्या शेतावर भाताची लावणी लागली की ही म्हातारी पाड्यावरून यायची. बाया चिखलात, आणि त्यांची पाच-सहा तान्ही पोरं बांधावरच्या मांडवात तिच्यापुढे ओळीनं निजलेली. एकही रडत नसे. तेव्हा बाळाला अफू देण्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. तुम्ही आज नाकं मुरडाल, पण पोर पाठीशी रडत असताना दिवसभर वाकून रोपं लावून पाहा आणि मग बोला.

मला मात्र तिचा संशय यायचा. अफू देण्याचा नव्हे, न देण्याचा! तिला स्वतःलाच अफूचं व्यसन होतं. दुपारी तिच्या पापण्या जड व्हायच्या, बोलता बोलता मान कलायची. पोरांच्या वाटणीची हीच खात असणार, असं मी पक्कं धरून बसले. एकदा तोंडावर विचारलंही.

ती हसली. "माजी येगली ठेवते, बाय. पोरांच्यातली खाईन तर जिभेला किडे पडतील. मला सुटत नाय म्हणून खाते. कोन सोडवील त्याचे पाय धुवीन."

मला ते खोटं वाटलं. माझा सहा महिन्यांचा मुलगा तेव्हा दातांनी हैराण होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई खोकल्यासाठी घेत त्या डबीतली अफू मी काढली, घरीच त्याला चाटवली आणि कुणाला काही न सांगता त्याला तिच्या मांडीवर ठेवून शेतात उतरले. तिनं नेहमीप्रमाणे आपली दिली.

दुपारी तिची किंकाळी ऐकून धावले. पोराचे ओठ निळे पडले होते, श्वास चालतोय की नाही तेही कळत नव्हतं. म्हातारीची गुंगी पार उतरलेली. ती त्याच्या तळव्यांवर चापट्या मारत होती, पाणी शिंपडत होती, "रड रे, रड माज्या सोन्या," म्हणत बांधावर येरझारा घालत होती. ऊन कलेपर्यंत तिनं त्याला खाली ठेवलं नाही. अखेर तो रडला, आणि मी चिखलातच बसले.

मग तिनं विचारलं, "बाय, खरं सांग. घरून काय चाटवलं व्हतंस?"

शेजारीच सासूबाई उभ्या होत्या. मी "नाही" म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. आता ही मला ओळखणार, असं वाटलं. पण म्हातारीनं माझ्यावर विश्वास ठेवला.

"मंग माज्याच हातून झालं गो," ती म्हणाली. "नशेत दोनदा दिली आसंल."

त्यानंतर कुणी तिच्याकडे मूल दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. पुढच्या लावणीला बायांनी झाडाला झोळ्या बांधल्या. पोरं दिवसभर रडत होती. म्हातारी आटगावला लेकीकडे गेल्याचं कळलं. तिथंही ती नातवाला हातात घेत नव्हती म्हणे, भ्यायची. ते ऐकून माझा जीव तुटला. एक शब्द सांगितला असता तर तिनं नातू मांडीवर घेतला असता.

आटगाव काही परमुलूख नव्हता. मी गेले नाही.