उकडलेला हंसराज

संगीता केजच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची परिचर आहे. बारा वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या, बरण्या पुसल्या; झाडांबद्दल तिला कुणी कधी काही विचारलं नाही. तरी तिथल्या माशांच्या रिकाम्या काचेच्या टाकीत बाग लावायचं तिनंच मनावर घेतलं. युसूफ वडगावला तिच्या माहेरच्या विहिरीत, दगडांच्या कपारीत हंसराज उगवतो. तो नाजूक नेचा आणि थोडं ओलं शेवाळ तिनं डब्यात घातलं आणि एसटीत मांडीवर धरून आणलं.

पहिल्यांदा टाकीवर साधा पिवळा बल्ब लावला तर आठवड्यात पानं करपली. मग कळलं, बंद काचेत उजेडाबरोबर उष्णताही कोंडते. तिनं एलईडीची नळी वीतभर उंच टांगली, झाकण बोटभर उघडं ठेवलं, आत थर्मामीटर अडकवला. मे महिन्यात टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून तिनं हंसराज जगवला.

यंदा जुलैत संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव भेटीला येणार ठरलं, आणि विभागाच्या अंगद सरांनी बाग आपलीच म्हणून सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. भेटीच्या व्हिडिओत झाडं उठून दिसावीत म्हणून त्यांनी झाकण गच्च लावून काचेला खेटून दोन हॅलोजन ठेवले. दिवे लांब घ्या, आत उकडेल, असं संगीतानं दोनदा सांगितलं. सरांनी तिला चारचौघांत बाहेर उभं केलं. अध्यक्ष तीन तास उशिरा आले. तोवर हंसराजाची उकडलेली भाजी झाली होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली ती संगीताला. कारण काय, तर पाणी घालण्यात हयगय.

ज्यांनी झाडं जाळली त्यांनीच तिला हयगय शिकवावी, हे तिच्या डोक्यात गेलं. ती तशीच रिकामी टाकी आणि तेच हॅलोजन घेऊन प्राचार्य प्रियदर्शनी मॅडमच्या खोलीत गेली.

"मी नोटिशीवर सही करनार न्हाई मॅडम. आधी हे बघा, मग काय लिहायचं ते लिहा."

थर्मामीटर आत, झाकण बंद, दिवे चालू. मॅडमनी बोलावून घेतलेले अंगद सर वाद घालत राहिले. मॅडमनी त्यांना गप्प बसवलं आणि पारा बघितला. एकोणतीसवरून वीस मिनिटांत तो अठ्ठेचाळीसवर गेला.

जाऊ द्या, नोटीस मागे घेतली समजा, असं मॅडम म्हणाल्या. संगीता उठली नाही.

"नोटीस कागदावर आली. माघारबी कागदावरच पायजे."

दुपारी कागद हातात पडला. अंगद सरांनी माफी मागितली नाही, आजवर नाही. समोर आली की ते मोबाईल बघतात. संगीतानं पुढच्या रविवारी पुन्हा युसूफ वडगाव गाठलं. आता प्रयोगशाळेत दुसरा हंसराज वाढतोय, आणि दिव्यांच्या बटणाला कोण हात लावतं हे ती बघते.