कळलावीचा उकरलेला कंद

कळलावीचा कंद दोन फाट्यांचा असतो. लावताना फक्त टोकं जपायची, कारण कोंब तिथूनच फुटतो आणि टोक मोडलं की कंद वाया. कुंडीत तो आडवा ठेवायचा, वर चार बोटं माती. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी तिच्यात अर्धी रेती मिसळली होती. मे महिन्यात गच्चीवर हिरव्या जाळीखाली कुंडी ठेवली. जूनअखेर कोंब वर आला. या वेलीच्या पानांची टोकंच आकड्यासारखी वळतात आणि मिळेल ते धरतात. मी तार बांधून दिली. श्रावणात फुलं आली, बुडाशी पिवळी, वर लाल, पाकळ्या मागे उलटलेल्या.

झाड अख्खं विषारी, कंद सर्वांत जास्त. हे मी घरात सगळ्यांना दहादा सांगितलं होतं.

त्या दिवसांत ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती. आई जाऊन चार वर्षं झालेली, त्यामुळे तिचं सगळं बाबा बघत होते. तारीख उलटून तीन दिवस झाले होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळ ठीक आहे, अजून दोन दिवस वाट पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर कुंडी उकरलेली. कंद नव्हता. वेल मुळातून तुटली होती, तरी पानं तार धरून होती आणि फुलं ताजी होती.

माझा संशय सरळ खालच्या काकूंवर गेला. कळलावीची मुळी अडलेल्या बाईच्या उशाशी ठेवतात, उगाळून तळपायाला चोळतात, हे त्याच मला सांगायच्या. मी त्यांच्या दारात उभी राहून विज्ञान, विष, बाईच्या जिवाशी खेळ, सगळं ऐकवलं. त्यांनी भाजी निवडणं थांबवलं नाही.

"भाषण झालं काय वं? माह्यावर काहून चिडून राहिली? तुह्या बापाले इचार. सकाळी सहाले खुरपी घेऊन थेच वर गेले होते."

मला खरंच कळेना त्या काय बोलताहेत. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, सीताबर्डीच्या चौकात उभं राहून वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्यातलं एक मला अजून पाठ आहे: अडलेल्या बाईला मुळी नको, दवाखाना हवा.

मी वर धावले. ताई झोपली होती. तिच्या उशीखाली पांढऱ्या फडक्यात कंदाचा एक फाटा होता. एकच. दुसरा कुठे? स्वयंपाकघरात ओट्यावर तो सापडला, सहाणेवर अर्धा झिजलेला. शेजारी वाटीत पांढरट लेप, आणि वाटीला लागून ताईचा दुधाचा पेला. पेला रिकामा होता.

बाबा खिडकीशी उभे होते. दुधात काही घातलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, फक्त पायाला लावलं, थोडंसं. मी ताईला उठवून विचारलं. दूध तिने स्वतःच ओतून घेतलं होतं. तिचे पाय साबणाने तीनदा धुतले.

"तुम्हीच लिहिलं होतं ना, बाबा?"

"लिहिलं होतं. तुह्या ताईच्याही आधी एक पोरगं होतं आमचं. तुही माय दोन दिवस अडली, तवा गावी होतो, दवाखाना दूर. सुईण मुळी घेऊन आली तर मी तिले दारातूनच हाकललं. पोरगं गेलं. मुळीनं काही होत नाही, मले माहीत आहे. आताही माहीत आहे."

आम्हाला आधी एक भाऊ होता, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. ताईलाही तेव्हाच.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. सगळं सांगायचंच, हे मी ठरवलं होतं. बाळाचे ठोके नीट लागल्यावर मी कंदाचं आणि लेपाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ताईचे तळपाय बघितले आणि विचारलं, हे कोणी केलं? घरच्यांनी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला अर्धवट खरं बोलावंसं वाटत होतं.

मागून बाबा म्हणाले, "मी केलं. बापानं."