चाकं नसलेलं विमान

अर्धी वाट सरली तरी नागोजीअण्णांनी खांद्यावरच्या पिशवीत काय आहे ते सांगितलं नव्हतं. जुन्या चादरीची शिवलेली, कमरेएवढी लांब पिशवी. झोपलेलं लेकरू न्यावं तशी ते ती नेत होते. रस्त्यात खड्डा आला की आधी पिशवीवर हात जायचा, मग पाय पुढं पडायचा.

वत्सला दर शनिवारी धारवाडहून नुग्गीकेरीच्या मारुतीला चालत जायची. नऊ वर्षांचा नेम होता तिचा. हातात रुईच्या पानांची माळ, तेलाची बाटली, आणि तोंडात जप. सोबत कुणी असलेलं तिला फारसं आवडायचं नाही, कारण बोलण्यात जप राहतो. पण आज पहाटे शेजारच्या फाटकात नागोजीअण्णा उभे होते. "अक्का, आज मी येऊ का बरोबर?" म्हणाले. त्यांची बायको कौसल्या जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेवढ्या दिवसांत या माणसानं गल्लीत दहा वाक्यं बोलली नसतील. नाही कसं म्हणायचं?

"देवाला कधीपासून यायला लागलात?" तिनं शेवटी विचारलं.

"देवळापर्यंत नाही. अलीकडच्या रानापर्यंत."

समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं गाडी हळू केली. "काय अण्णा, पुन्हा विमान? या खेपेला दिल्ली गाठणार काय?"

"तू दुधात पाणी घालायचं सोड, मग तुलाही बसवून नेतो," अण्णा म्हणाले.

दूधवाला हसत गेला. वत्सलाही हसली, आणि मग तिला आठवलं की अण्णांच्या तोंडचा असा शब्द ऐकून किती दिवस झाले.

नागोजीअण्णा मूळचे अळणावरकडचे, शेतमजुराच्या घरचे. तारिहाळला एका ओतकाम कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तापल्या तारेनं थर्माकोल कापून यंत्राच्या भागांचे साचे करायचे, हे त्यांचं काम. तो पांढरा साचा वाळूत पुरायचा आणि वरून रसरशीत लोखंड ओतायचं. थर्माकोल जळून जातो, त्याच्या जागी लोखंड बसतं. एका खंडेनवमीला कारखान्यात बायकामुलांना बोलावलं होतं, तेव्हा कौसल्येनं असा एक साचा हातात घेऊन पाहिला. इतकं गुळगुळीत काम, आणि ते जळून जातं म्हटल्यावर तिला फार वाईट वाटलं. "एखादं तरी असं करा, जे घरी राहील," ती म्हणाली.

त्यातून रिमोटवर उडणारी छोटी विमानं आली. लढाऊ विमानं, जुन्या काळातली, पुढं पंखा असलेली. थर्माकोलची फट हलक्या पुट्टीनं भरायची, घासायची, पातळ केलेल्या गोंदात तपकिरी कागद भिजवून वर चढवायचा, वाळला की पुन्हा घासायचं. रंग पाण्यात कालवलेलाच लागतो. डब्यातला फवारा मारला की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. अण्णांचा हात थांबायचा नाही. वर आणखी एक थर, आणखी एक. कौसल्या म्हणायची, "आता आणखी हात माराल तर हे उडायचं नाही, देव्हाऱ्यात ठेवावं लागेल." पंखांवरची गोल चिन्हं तिची. हातातली बांगडी काढून ती पंखावर ठेवायची, पेन्सिल फिरवायची, आणि आत रंग भरायची. म्हणून अण्णांच्या सगळ्या विमानांवरचे गोल एकाच मापाचे होते.

हे सगळं वत्सलेला भिंतीपलीकडून ठाऊक होतं. "ये की एकदा बघायला, तुझ्या वाटेवरच तर आहे," असं कौसल्या कितीदा म्हणाली होती. पुढच्या शनिवारी, असं वत्सला दर वेळी म्हणायची. रस्त्यावरून तिला लांब रानात दोन माणसं दिसायची. पण जप चालू असायचा, ती थांबत नसे.

सोयाबीन निघालेल्या रानात दोघं उतरली. वारा नव्हता. अण्णांनी बांधावर चादर पसरली आणि विमान बाहेर काढलं. पंख जोडले, स्क्रू आवळले, मग दोन्ही पंखांखाली एकेक बोट देऊन उचललं. विमान बोटांवर सरळ राहिलं, ना नाक खाली, ना शेपूट. वर हिरवा आणि मातकट रंग, दोन्ही पंखांवर गोल. खालची बाजू मात्र कोरीच होती, नुसता तपकिरी कागद, आणि त्यावर पेन्सिलीचे दोन रिकामे गोल.

"एवढं राहिलं तिचं," अण्णा म्हणाले. "मी भरले नाहीत."

वत्सलेनं वाकून ते गोल बघितले. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "तुम्ही उडवायचात तेव्हा कौसल्या काय करायची?"

"मी कुठं उडवायचो? उडवायची ती."

वत्सलेला वाटलं, थट्टा करताहेत.

"खरंच अक्का. जोंधळ्याच्या रानात गोफण घेऊन माचावर बसलेली पोर ती. पाखरू कुठं वळणार, तिला आधी कळायचं. मला मोतीबिंदू. विमान लांब गेलं की तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, समजायचं नाही. मी नुसता फेकायचो. काढून घ्या मोतीबिंदू, काढून घ्या, म्हणत राहिली. ती गेल्यावर काढला."

मग त्यांनी एकट्यानं उडवायला आलेल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. उडवण्याआधी पंखांच्या मागच्या पट्ट्या नीट हलतात का बघायचं असतं. कौसल्या रिमोट घेऊन विमानाच्या मागं उभी राहायची, अण्णा नाकाशी. पट्टी हलली की ते "हललं" म्हणायचे; कुठल्या बाजूची, ते बघायची ती. ती गेल्यावर अण्णा चाकं लावलेलं एक नवं विमान घेऊन एकटेच आले, सवयीनं नाकाशीच उभे राहिले. रिमोटची काडी उजवीकडे दाबली, उजव्या हाताची पट्टी वर आली. बरोबर आहे म्हणाले. पण विमानाकडे तोंड करून उभ्या माणसाचा उजवा हात म्हणजे विमानाची डावी बाजू; पट्ट्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. विमान पहिल्याच वळणाला उलटं फिरून जमिनीत घुसलं.

"तुकडे गोळा करायला तासभर लागला. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी चुकीच्या बाजूला उभा होतो नि काही बिघडलं नाही, कारण दुसऱ्या बाजूला ती होती."

त्यानंतर चौदा महिने ते एकटेच येत राहिले. तसंच चाकं लावलेलं आणखी एक साधं विमान गाडीवाटेवरून आपसूक पळून उठायचं. त्यावर ते शिकले.

"मग यालाही चाकं लावायची," वत्सला म्हणाली.

"तिला नको होती. आकाशात पाय लोंबकळलेले बरे दिसत नाहीत, म्हणायची. मग फेकायला दुसरं माणूस लागतं. एका हातानं फेकून दुसऱ्या हातानं रिमोट, दोनदा करून बघितलं दुसऱ्या विमानावर. दोन्ही वेळा नाक मोडलं. याच्यावर ते धाडस होत नाही." पंखाचा एक स्क्रू पुन्हा आवळत ते म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की पोरगा विशाल मला बंगळूरला न्यायला येतोय. अकरावा मजला आहे त्यांचा. विमान तिथं भिंतीवर टांगता येईल, एवढंच."

वत्सलेनं देवळाच्या दिशेला बघितलं. उशीर होत होता. माळेची पानं मऊ पडायला लागली होती. मनातल्या मनात तिनं मारुतीला नमस्कार केला, माळ आणि बाटली बांधावर चादरीच्या कडेला ठेवली, आणि पदर कमरेला खोचला.

"कुठं धरायचं?"

अण्णांनी दाखवलं. पोटाखाली, पंखांच्या थोडं मागं. कोरा कागद तिच्या तळव्याला खरखरीत लागला. अंगठ्याला पेन्सिलीची गोल रेघ लागत होती. तिच्या बांगड्याही जवळपास तेवढ्याच.

"भीतीनं माणूस वर फेकतं. वर नको. समोर, सरळ. तीन पावलं चालायचं आणि सोडायचं. मी पंखा सुरू केला की आवाज होईल, घाबरू नका."

"आणि पडलं तर?"

"पडलं तर पडलं. दोष तुमचा नाही."

अण्णा मागं गेले. या वेळी विमानाच्या मागंच उभे राहिले, काडी उजवीकडे दाबली, पट्टी बघितली, डावीकडे दाबली, पुन्हा बघितली. पंखा सुरू झाला, त्याच्या वाऱ्यानं वत्सलेचे केस मागं गेले, विमान हातातून ओढ घ्यायला लागलं. ती पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात आवाज थांबला.

"अक्का," मागून अण्णा म्हणाले, "फेकून झालं की मी परत तिच्याजवळ येऊन उभा राहायचो. विमान उतरेपर्यंत. काही करायचं नसायचं, नुसतं उभं राहायचं. तुमचं देवाचं आहे, ठाऊक आहे मला. पण फेकल्यावर लगेच वाटेला लागू नका. ते उतरेपर्यंत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहाल का?"