चार बोटं पाणी

भागुबाई टाकीवर कामाला लागल्या तेव्हा त्यांना एकच गोष्ट सांगण्यात आली होती. टाकी भरली की कळवायचं. कसं कळवायचं, ते कुणाला सुचलं नव्हतं.

टाकी टेकडीवर आहे, कार्ल्याच्या अलीकडे. पंपहाऊस तीन किलोमीटर खाली, इंद्रायणीच्या काठाला. मध्ये भाताची खाचरं, एक ओढा आणि रेल्वेचे रूळ. टाकीवरून पंप दिसत नाही आणि पंपावरून टाकी दिसत नाही. पंपावर सोपान असे. गावातला शेतकरी माणूस, सकाळी पंप, दुपारनंतर शेत. फोनवर बोलायला दोघांनाही आवडत नसे, कारण बोलणं सुरू झालं की पंप राहून जाई. म्हणून दोघांनी मिस्ड कॉल ठरवले. एक म्हणजे पाणी उतरलंय, पंप लावा. दोन म्हणजे भरली, बंद करा. सोपानने घंटी मध्येच तोडली की निरोप पोचला. तोडली नाही, तर भागुबाई पुन्हा लावत, तोडेपर्यंत लावत राहत.

एकदा त्यांचा फोन गावातल्या दुकानात चार्जिंगला लावलेला असताना कुणीतरी त्यावरून दोन मिस्ड कॉल दिले आणि पंप अर्ध्यात बंद पडला. गावच्या नळपाणी योजनेचा पंप थांबला की शेतातल्या मोटरींना वीज दाबात मिळते, एवढाच त्यामागचा हेतू. तेव्हापासून आकडे दर आठवड्याला बदलू लागले. कामशेतच्या बाजारात दोघं एकमेकांना गाठत आणि पुढच्या आठवड्याचे आकडे वांग्यांच्या ढिगापाशी उभं राहून ठरवत. सोपानच्या बायकोलाही ते माहीत नसत. अकरा वर्षं हा कारभार चालला. त्यात एकही निरोप हरवला नाही आणि कुणाला परका निरोप पुन्हा घुसवता आला नाही.

निरोप मात्र रोज वीस मिनिटं उशिरा जाई.

टाकीच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप आहे. पाणी त्या तोंडाशी आलं की टाकी भरली, असं योजनेच्या कागदांत लिहिलेलं. भागुबाईंची टाकी त्या तोंडाच्या वर चार बोटं पाणी चढलं की भरे. तेवढं चढायला वीस मिनिटं लागत. त्या वीस मिनिटांत पाइपातून पाणी धोधो बाहेर पडे, टेकडीच्या उतारावरून एका जुन्या नळीत शिरे आणि खालच्या वाडीतल्या हौदात येई. वाडी भागुबाईंची. बावीस घरं, मध्ये विहार, विहारासमोर हौद. योजनेच्या नकाशात वाडीपर्यंत निळी रेघ होती आणि प्रत्येक घरापुढे नळाची खूण होती. प्रत्यक्षात पाइपलाइन वरच्या आळीतल्या एका बांधाला येऊन थांबली होती. पुढचं पुढच्या टप्प्यात होणार होतं. अकरा वर्षांत टप्पा आला नाही, नकाशा मात्र दर वर्षी नव्याने छापला जाई.

सोपानला सगळं माहीत होतं. तो फक्त अधूनमधून म्हणे, "बाई, तुमची टाकी लय सावकाश भरती."

"वय झालं तिचं, सोपानभाऊ," भागुबाई म्हणत. त्यापुढे हा विषय कधी गेला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात गावात तेजल आली. पुण्याच्या एका कंपनीची इंजिनीअर, वय सव्वीस-सत्तावीस, पाठीवर सॅक, हातात टॅब्लेट. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पाणी समितीची बैठक भरली. अध्यक्ष महिपती पुढच्या खुर्चीत बसले होते. तेजलने पडद्यावर चित्रं दाखवली. टाकीत सेन्सर बसणार, तो दर मिनिटाला पाण्याची उंची पंपहाऊसला कळवणार, पंप आपोआप लागणार आणि आपोआप थांबणार. तिचा भर पंपापेक्षा निरोपावर होता. निरोप कुलूपबंद होऊन जाईल, वाटेत कुणाला वाचता येणार नाही. प्रत्येक निरोपाला क्रमांक असेल, त्यामुळे कालचा निरोप कुणी आज पाठवला तर तो नाकारला जाईल. पोच मिळाली नाही तर यंत्र पुन्हा पाठवेल. किल्ली ठराविक दिवसांनी बदलेल. महिपतींनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सोपान मागच्या रांगेत होता. त्याने भागुबाईंकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या.

आधीची पद्धत काय होती, असा एक रकाना तेजलच्या अर्जात होता. महिपतींनी सांगितलं, काही नव्हती. तिने तसं लिहून घेतलं.

मग महिपतींनी दुसरी गोष्ट सांगितली. जानेवारीपासून यंत्र चालू होईल. भागुबाईंनी टाकीवर यायचं, पण फोन करायचा नाही. रोज टाकी किती वाजता भरली ते वहीत लिहायचं. वही आणि यंत्र पंधरा दिवस सलग जुळले की यंत्रावर विश्वास बसेल आणि टाकीवाल्याची जागा बंद होईल. जुळत नाहीत तोवर भागुबाई राहतील. हे सांगताना त्यांनी आवाज मऊ केला होता. भागुबाईंचा नवरा वारलेला, मुलगी घोरावाडीला दिलेली. टाकीचं मानधन हेच त्यांचं घर होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

यंत्र कागदाप्रमाणे बसलं. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाला टेकतं न टेकतं तोच 'भरली' असा निरोप जाई आणि पंप थांबे. थेंब सांडत नसे. भागुबाई शिडी चढून आत बघत. पाणी अगदी स्थिर, वर आभाळाचा चौकोन. मग खाली उतरून वहीत लिहीत, "टाकी भरली नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

जुळायचा प्रश्नच नव्हता. सोपानला त्याचा आनंद झाला. यंत्र आलं तरी त्यालाही पंपहाऊसवर बसवून ठेवलं होतं, पडद्याकडे बघायला. तो म्हणाला, बाईंची नोकरी आता जन्माची पक्की झाली, अशी पक्की नोकरी तर तालुक्याच्या साहेबालाही नसते.

हौद चौथ्या दिवशी तळाला गेला. वाडीतल्या बायका हायवेच्या कडेच्या हातपंपाला जाऊ लागल्या. भर थंडीत, अंधार असतानाच, गाड्यांच्या दिव्यांतून रस्ता ओलांडत. यशोधरा अंगणवाडीची मदतनीस, वाडीत शब्दाला धार असलेली. तिने वाडीच्या वतीने महिपतींना गाठलं. त्यांनी लेखी तक्रार मागितली. यशोधरा कागद घेऊन बसली आणि पहिल्याच ओळीला अडली. कशाचं पाणी बंद झालं म्हणून लिहायचं? वाडीला नळ नाहीत असं लिहावं, तर नकाशात नळ आहेत. सांडलेलं पाणी येत नाही असं लिहावं, तर पाणी सांडत होतं हे कबूल करावं लागतं, आणि ते कोण सांडत होतं हेही. तिने कागद घडी करून ठेवला.

त्या संध्याकाळी ती दोन घागरी घेऊन हातपंपावरून परतताना भागुबाईंच्या दारावरून चालली होती. थांबली.

"मावशी, तुमची नोकरी वाचली म्हणं."

भागुबाईंनी तिच्या घागरींकडे पाहिलं.

"बरं झालं. आता ती घागरीत भरून देत जा आम्हाला."

एवढं बोलून ती गेली. घागरी रिकाम्याच होत्या. हातपंपावर तिच्या पुढे तीस जणी होत्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेजल पुन्हा आली. यंत्र आणि वही का जुळत नाहीत, ते तिला शोधायचं होतं. कंपनीकडून तिला दोनदा विचारणा झाली होती. वहीत चूक असेल असं महिपतींनी सुचवलं. तेजलने पंपहाऊसवरची जुनी नोंदवही मागवली. त्यात अकरा वर्षांची पंप लावण्या-थांबवण्याची वेळ सोपानच्या अक्षरात होती. तिने दोन तास आकडे काढले. अधलेमधले काही दिवस सोडले तर यंत्र येण्याआधी पंप रोज ठराविक वेळ चालत होता, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, इतका सारखा की तिला शंका आली. एवढी शिस्त माणसाकडे नसते, असं ती म्हणाली. सोपान म्हणाला, बाईंकडे आहे. यंत्रावरचा पंप त्याहून बरोब्बर वीस मिनिटं कमी चालत होता. म्हणजे चूक यंत्राची, किंवा 'भरली' या शब्दाची.

ती टेकडीवर आली. भागुबाई तिला शिडीवरून वर घेऊन गेल्या. सिमेंटवर दोघी ओणव्या होऊन झाकणातून आत पाहत बसल्या. वारा होता. खाली एक्सप्रेसवेवरून ट्रकांचा आवाज येत होता, दूरवर लोहगडाची रेघ.

"मावशी, तुमची टाकी नक्की कुठपर्यंत आली की भरते?"

 ती जागा भागुबाईंनी सांगितली नाही, तर वही आणि यंत्र कधीच जुळणार नव्हते आणि त्या मरेपर्यंत टाकीवर राहणार होत्या. त्यांनी हात आत घातला, पाइपच्या तोंडावर चार बोटं आडवी टेकवली आणि वरच्या बोटापाशी नख दाबलं.

"हितं."

तेजलने पाहिलं. पाइपच्या तोंडापासून नखापर्यंत सिमेंटवर हिरवट पट्टा होता. मग तिने बाहेर वाकून पाहिलं. पाइपखालचा दगड झिजून गुळगुळीत झाला होता, आणि तिथून एक ओहळाची खूण उतारावर गेली होती. आता कोरडी.

"हे पाणी कुठे जायचं?"

"वाडीला."

तेजलने टॅब्लेटवर नकाशा काढला. "वाडीला तर नळ आहेत."

"नकाशात हायेत."

तेजलने टॅब्लेट बाजूला ठेवला. तिने टेप काढली, तोंडापासून नखापर्यंत मापलं.

"मी ही उंची टाकली तर तुमची वही आणि यंत्र उद्यापासून जुळतील," ती म्हणाली. "मग पंधरा दिवसांनी काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"व्हय."

"आणि एकदा टाकून कुलूप लावलं की ही उंची मलाही एकटीला बदलता येणार नाही. समिती, कंपनी आणि तालुक्याचं कार्यालय, तिघांची परवानगी लागेल."

"तिगं एकाच येळी कवा एकत्र येत्यात?" भागुबाईंनी विचारलं.

"माझ्या अनुभवात, कधीच नाही."

"मग लावा कुलूप."

कुलूप लावण्यासाठी महिपतींच्या फोनवर समितीच्या मंजुरीचा आकडा गेला. ते कामशेतला एका साखरपुड्यात जेवायला बसले होते. त्यांनी तो आकडा पंगतीतूनच तेजलला वाचून दाखवला आणि कुठल्या मंजुरीचा आहे ते विचारलं नाही. तेजलने अहवालात लिहिलं की सेन्सरची पातळी अकरा वर्षांच्या नोंदींशी ताडून निश्चित केली आहे. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजता हौदात पाणी आलं. यशोधरा धावत टेकडीवर आली आणि टाकीपासून लांबच थांबली, कारण भागुबाई वहीत लिहीत होत्या. "टाकी भरली. सात पस्तीस." पंधरा दिवस त्यांनी हेच लिहिलं. सोळाव्या दिवशी समितीने त्यांना साडी-चोळी दिली. महिपती भाषणात म्हणाले की भागुबाईंनी वेळेच्या बाबतीत यंत्राची बरोबरी केली. त्यांच्या मते ही स्तुती होती.

भागुबाई आता लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरतात. साडेआठची बस पकडतात. त्याआधी हौदावर रांगेत उभ्या राहतात, इतर बायकांसारख्या, आपला नंबर येईपर्यंत. पाणी सव्वासातला येतं आणि सात पस्तीसला जातं. एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. वाडीत सुरुवातीला त्याचं कौतुक झालं. पुढे लक्षात आलं की भागुबाईंची वीस मिनिटं तशी लवचीक असत. कुणाच्या घरी लग्न असलं की ती चाळीस होत. कुणाच्या घरी मयत झाली की कुणी न सांगता तासाची होत. यंत्राला लग्न कळत नव्हतं.

एप्रिल उजाडला. जयंतीला वाडीत दीडशे पानं उठतात. विहार धुवायचा, आंगण शिंपायचं, मोठी पातेली चढवायची. दर वर्षी चौदा तारखेला हौद दुपारपर्यंत भरलेला असे. यशोधरा भागुबाईंकडे आली आणि यंत्राला काही सांगता येतं का, असं विचारून गेली. तिच्या आवाजात पूर्वीची धार नव्हती. भागुबाईंनी तिला तिघांच्या परवानगीचं समजावलं. मग त्यांनी दुसरं काम केलं. तीन तारखेपासून रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर त्या घरोघर गेल्या आणि प्रत्येक घराला रोज एक घागर बाजूला काढायला लावली. ज्यांनी काढली नाही त्यांच्या दारात त्या बसून राहिल्या. विहाराच्या मागे पिंपांची रांग लागली, वर फडकी बांधलेली.

चौदा तारखेला पाणी सात पस्तीसला गेलं.  पातेली चढली, भात शिजला, दुपारी पंगत बसली. महिपती पाहुणे म्हणून आले होते. त्यांना पुढे बसवलं. त्यांनी पोटभर जेवण केलं, स्टीलच्या ग्लासातून पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि आजूबाजूला ओल्या आंगणाकडे, धुतलेल्या विहाराकडे समाधानाने पाहिलं.

"तुमच्या वाडीच्या नळाला दाब चांगला दिसतोय," ते म्हणाले.

यशोधराने वाढायचा डाव हातातच धरून भागुबाईंकडे पाहिलं. भागुबाई तांब्या घेऊन पुढे आल्या आणि महिपतींचा ग्लास पुन्हा भरला, काठोकाठ.