बसायची परवानगी

माझं माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं. नवव्या वर्षी लग्न झालं आणि सासऱ्यांनी मला तळ्याजवळच्या मुलींच्या शाळेत घातलं. ते मिठाच्या कचेरीत कारकून होते. कारकुनांच्या घरच्या मुली शाळेत दिसाव्यात अशी त्यांच्या साहेबाची इच्छा, म्हणून. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. त्यांना हाताखाली माणूस हवं होतं.

पहाटेपासून विहीर, शेण, भांडी. बसायचं ते फक्त जात्यापुढे, आणि त्याला कोणी बसणं म्हणत असेल तर त्याने एकदा पायलीभर दळून बघावं. शाळेत पोचेपर्यंत माझे पाय माझे राहत नसत. मास्तर काय शिकवत ते अर्धं कानावरून जाई, पण सतरंजीवर टेकलं की कोणी ‘ऊठ’ म्हणत नसे.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी माझी शाळा सोडवण्याचा फारच धोशा लावला. सासरे म्हणाले, वार्षिक परीक्षेला मी स्वतः जातो, काय दिवे लावते ते बघतो, मग ठरवू. झालं, माझं सगळं त्या एका दुपारवर आलं.

शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले, गावातली चार मोठी माणसं आली, त्यांत सासरे. ते आत येताच मी उठून उभी राहिले. सासऱ्यांसमोर सून बसत नाही. बाकीच्या मुली बसल्या, मी उभीच. साहेबांनी दोनदा बसायला सांगितलं, मास्तरांनी डोळे वटारले. इकडे आड, तिकडे विहीर. आदल्या दिवशी घरी पाहुणे होते, माझ्या पोटऱ्या लटलटत होत्या. आकडेमोडीचे दोन्ही सवाल चुकले.

मग साहेबांनी एकेकीला विचारलं, शाळेत येऊन काय मिळालं? उत्तर मास्तरांनी घोकून घेतलेलंच होतं. विद्येने स्त्री गृहकृत्यात दक्ष होते. एकीने पुस्ती जोडली की ती इथे खरं बोलायला शिकली, तेही मास्तरांनीच सांगितलेलं. माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेलं काही आठवेना. इतकी दमले होते की जे खरं तेच तोंडातून निघालं.

“इथं बसायला मिळतं.”

मुली हसल्या. साहेबही हसले. “मग बसत का नाहीस?”

माझी नजर सासऱ्यांच्या पगडीवर गेली आणि खाली आली. सासरे उठले. आता हाताला धरून घरी नेणार, असं वाटलं. ते माझ्याजवळून गेले, बाहेर पायरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. उन्हात. परीक्षा संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मी बसले. पुढचे सवाल बरोबर आले.

संध्याकाळी ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, “आणखी वर्षभर जाऊ दे तिला.” त्या वर्षानंतर मला न्हाण आलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्या दुपारबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मीही नाही.

आता मला दोन सुना आहेत. मी स्वयंपाकघरात गेले की दोघी उभ्या राहतात. बसा गं, म्हणून म्हणून थकले. ऐकत नाहीत, त्यांच्या आयांनीही तेच शिकवलं असणार. गुडघे धरलेले असतात, तरी मीच उठते आणि मागच्या पडवीत येऊन पाठ करून बसते. थोड्या वेळाने आतून पाट सरकवल्याचा आवाज येतो.