हैबतीची होडी आणि आखूड दावं

तुडीलच्या आसपास कुणाला पहिली होडी घ्यायची झाली, की लोक त्याला हैबती सकपाळाकडे पाठवीत. हैबतीची स्वतःची होडी सगळी मिळून एक दिवसही पाण्यात राहिली नव्हती, पण अनुभव तो अनुभव. हैबती पानाला चुना लावत सांगायचा, "दोर लांब घ्या." एवढं बोलून तो थांबायचा. उरलेलं आतून त्याची बायको राहीबाई सांगायची, आणि ते ऐकायला माणसं मुद्दाम बसून राहायची.

हैबती मूळचा वरंधकडचा, डोंगरातला. मूलबाळ नसलेल्या मामाची जमीन वाट्याला आली म्हणून तो सावित्रीच्या काठी उतरला. बैलांतलं त्याला सगळं कळे. शिंगं, खूर, भोवरे, चाल. नदीतलं मात्र काही कळत नसे आणि कळावं असं वाटतही नसे. तिथवर खाडीचं पाणी चढतं, दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पण पंचवीस वर्षं त्याचं तोंड शेताकडे आणि पाठ नदीकडे.

अशा माणसाला होडी घ्यायची वेळ आली ती त्याच्या उभं राहण्यामुळे.

एकुलती लेक रखमा समोरच्या काठावर दिली होती. लग्न लावून परतताना सगळं वऱ्हाड कुशाबाच्या होडीत बसलं. कुशाबा म्हणजे माणसं या काठावरून त्या काठाला नेणारा नावाडी. हैबती बसेना. मुलीचा बाप, डोक्यावर नवा फेटा, मांडी घालून बायकांच्या टोपल्यांत कसा बसणार? तो मधोमध उभा राहिला. होडी डुलायला लागली, तसा कुशाबा म्हणाला, "मामा, खाली बसा. होडी हाय ही, तुमचा ओटा नाय."

वऱ्हाड हसलं. हैबतीचे कान तापले.

"या होडीत मी पुन्हा बसणार नाय."

"आज तरी कुठं बसलाव?" कुशाबा म्हणाला.

तेव्हापासून दोन वर्षं हैबती पलीकडे गेला नाही, आणि नवऱ्याच्या मानापायी राहीबाईही गेली नाही. ती परड्याच्या कुंपणावर पिवळं लुगडं वाळत घालायची. पलीकडून रखमा तिचं हिरवं घालायची. दोघींची खुशाली कळायची ती एवढीच. मग एकदा कुशाबानंच निरोप आणला, पोरीला दिवस गेलेत.

सातव्या महिन्यात आईनं जायचं, ओटी भरायची आणि लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायची. शुक्रवार ठरला, दुपारी बाराच्या आत. नदीतून जायचं तर घटकाभराचं काम. गाडीनं जायचं तर महाडवरून सगळा फेरा, दिवसभर दगडधोंड्यांतून खडखड.

"सात महिन्यांच्या पोरीला गाडीतून आणली, तर वाटेतच काय ते व्हायचं," राहीबाई म्हणाली. "कुशाबाला सांगा."

"त्याला कशाला? आपली होडी घेऊ."

"वल्हवणार कोण?"

"नांगर धरणाऱ्याला वल्हं काय जड हाय, गो?"

राहीबाई गप्प बसली. सत्तावन्न सालची गोष्ट. बाई गप्प बसली की तिला पटलं, अशी पुरुषांची समजूत होती.

होडी बघायला हैबतीनं पांडूला सोबत घेतला. पांडू गुरांच्या बाजारातला दलाल. त्याच्या शब्दाशिवाय पोलादपूरपर्यंत बैल हलत नसे. दोघं खाली खाडीकडे भिकू नावाच्या मासेमाऱ्याकडे गेले. काठावर होडी ओढून ठेवली होती. पांडूनं तिला उजवीकडून फेरी मारली, मग डावीकडून. पाठीवर थाप मारली. मागं जाऊन उगाच वाकून पाहिलं.

"दात किती?"

"होडीला?" भिकूनं विचारलं.

"वय रे, वय."

"माझ्या मधल्या पोरीएवढी आसंल. सात-आठ."

"म्हणजे जुळलेली, दात पुरे झालेली." पांडूनं हैबतीकडे पाहून मान डोलावली. "खोड काय हाय का?"

"डाव्या अंगाला ओढते जराशी."

"मंग जोडीत डाव्या बाजूला जुंपायची."

"जोडी?" भिकूनं हैबतीकडे पाहिलं. हैबती गंभीर होता. भिकूला सांधे दाखवायचे होते, कुठल्या फळीला राळ-तेल भरलंय ते सांगायचं होतं. पण पांडूनं त्याचा हात धरून उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सुरू केला, बाजारात करतात तसा. भिकूला ती बोटांची भाषा येईना. गुदगुल्या होऊन तो हसत सुटला आणि त्या हसण्यातच सौदा पक्का झाला, असं पांडूनं जाहीर केलं.

मग पांडूनं होडीचा दोर सोडला. चांगला लांबलचक काथ्याचा दोर. तो गुंडाळून त्यानं भिकूच्या हातात दिला.

"ह्यो तुझा तुला. विकलेल्या जनावराचं दावं मालकानं ठेवायचं, नायतर गोठ्याची लक्ष्मी जाते."

"अवो, दोराबिगर काय करणार? भरती-ओहोटीला दोर कसा लांब..."

"दाव्याचं आमाला सांगू नको. जन्म गेला दावी वळण्यात."

हैबतीनं पिशवीतून आपली दोन दावी काढली. नवी, अंबाडीची, स्वतः वळलेली. बैलाची असतात तेवढी.

गुरुवारी भरतीबरोबर भिकूनंच होडी वर आणून दिली. दुपारी पाणी काठोकाठ होतं. राहीबाई पाण्याचा तांब्या, हळदकुंकू आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. नवं जनावर दारी आलं की करायचंच.

"पायांवर पाणी घाल," हैबती म्हणाला.

"पाय कुठले धरू?"

"पुढचं टोक."

तिनं टोकावर पाणी घातलं, कुंकू लावलं. होडीला भाकरी कशी भरवायची ते कळेना, तेव्हा तो तुकडा तिनं भिकूला दिला. तो बिचारा सकाळपासून उपाशी होता.

काठावर पाण्यावर झुकलेली दोन करंजाची झाडं होती. हैबतीनं होडीचं तोंड एकाला बांधलं, शेपटीकडची बाजू दुसऱ्याला. जवळ ओढून, अगदी आखूड. भिकू वाटेला लागला होता, तो तिथूनच ओरडून काही तरी सांगत होता. पांडूनं हात हलवून त्याला निरोप दिला.

"एवढी आखूड कशाला?" राहीबाईनं विचारलं.

"नवं जनावर हाय. पयले आठ दिवस आखूडच बांधायचं. नायतर जुन्या मालकाकडं पळतं."

राहीबाईनं नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं. भिकूचं घर खरोखरच प्रवाहाच्या दिशेला होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला दोघं नटून काठावर आली. राहीबाईच्या कडेवर टोपली. त्यात हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, सुपारी, आणि रखमाला आवडणारे तिळाचे लाडू. हैबतीच्या डोक्यावर तोच फेटा.

पाणी पार खाली गेलं होतं. नुसता चिखल, त्यात दगड, दगडांवर खेकडे. आणि दोन करंजांच्या मधे, पुरुषभर उंचीवर, होडी टांगलेली. वाऱ्यानं हलकेच झुलत होती.

"पाळणा अजून दोन महिने लागणार नव्हता," राहीबाई म्हणाली.

खालून वर बघत हैबतीनं होडीला एक फेरी मारली, सौद्याच्या दिवशी पांडूनं मारली होती तशीच. मग घरी जाऊन कोयता आणला.

"अवो, पाणी चढेपर्यंत थांबा."

"दुपार होईल. बाराच्या आत ओटी भरायची ना?"

त्यानं शेपटीकडचं दावं कापलं. होडीची मागची बाजू धाडकन दगडावर आली आणि तळाची फळी उभी चिरली. तोंडाकडचं दावं मात्र तुटलं नाही. हैबतीनं वळलेलंच होतं तसं. होडी आखूड बांधलेल्या बैलासारखी मान वर करून लटकत राहिली.

चिखलापलीकडे, मधल्या खोल पाण्यात, कुशाबाची होडी उभी होती. तो केव्हापासून बघत होता. हसत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

राहीबाईनं लुगडं वर खोचलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चिखलात पाऊल घातलं.

"कुठं निघालीस?"

"लेकीकडं. तुम्ही जनावर राखा."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. गुडघाभर चिखल तुडवत ती गेली आणि कुशाबाच्या होडीत चढून टोपली मांडीवर घेऊन बसली. कुशाबानं वल्हं हातात घेतलं, पण मारलं नाही. राहीबाईनंही त्याला घाई केली नाही. पलीकडच्या कुंपणावर हिरवं लुगडं दिसत होतं.

हैबतीनं त्या लुगड्याकडे पाहिलं. टांगलेल्या होडीकडे पाहिलं. मग जोडे काढून काखेत मारले.

मधे एकदा तो घसरला. होडीशी पोचला तेव्हा धोतर कमरेपर्यंत काळं झालं होतं आणि फेट्यावरही शिंतोडे होते. कुशाबानं हात दिला.

"उभं रावलाव तरी चालंल, मामा. पानी शांत हाय आज."

हैबती आत आला आणि बसला. फळीवर नाही, खाली तळात, टोपल्यांच्या जागी. राहीबाईनं आपली टोपली त्याच्या मांडीवर ठेवली.

"धरा. तांदूळ सांडू नका."

ओटी अकराला भरली. रखमा आईच्या गळ्यात पडून रडली आणि बापाचं धोतर बघून हसली. दुपारच्या भरतीला सगळी परत निघाली. सुनेला पोचवायला व्याही महिपती स्वतः आले. लांब कोट, हातात छत्री. रखमाला मधे बसवली. होडी सुटली तरी व्याही उभेच. आजूबाजूला टोपल्या होत्या.

होडी डुलली. रखमानं आईचा हात धरला.

कुशाबानं तोंड उघडलं आणि हैबतीकडे बघून मिटलं.

"व्याही," तळातून हैबती म्हणाला, "खाली बसा. होडी हाय ही, तुमचा ओटा नाय."