दिसली नाही म्हणे

कावेरी मुतगेकर गेली अकरा वर्षं रोज सकाळी बंगळुरातल्या जे. पी. नगरहून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जाते, ती एका दोन सीटच्या, बुटक्या, १९६९ साली इंग्लंडात बनलेल्या स्पोर्ट्स कारने. गाडीचा रंग पिवळाधमक. छत कापडाचं. शेजारी ऑटो उभी राहिली की ऑटोवाला वरून वाकून गाडीत बसलेल्याच्या मांडीवर काय आहे ते बघू शकतो.

मी अलका. कावेरीच्याच इमारतीत राहते आणि त्याच कारखान्यात खरेदी विभागात काम करते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तिच्या शेजारी बसून जाते. पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. ते घडलं तेव्हा मी त्या गाडीत होते. हे मला आधीच सांगून टाकायचंय, कारण नंतर ते कुणीच लक्षात घेतलं नाही.

कावेरी मूळची बेळगावजवळच्या मुतग्याची. वय बावन्न. लग्न केलं नाही, आई गंगव्वा तिच्यासोबत असते. कारखान्यात ती मापन विभाग सांभाळते. यंत्राचा सुटा भाग केसाच्या जाडीइतका चुकला तरी तो परत पाठवणारी बाई म्हणून सगळे तिला वचकून असतात. तिकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलते. इथे नव्याने आलेल्या मुली हसतात, तिला फरक पडत नाही.

ही गाडी तिला कुणी दिली नाही. यशवंतपूरच्या एका गोडाऊनमध्ये पोत्यांखाली पडलेली तिने स्वतः शोधली आणि योगीराज नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून चार वर्षं दर रविवारी खपून उभी केली. शोभेची म्हणून नव्हे, चालवायची म्हणून. सरकारदरबारी व्हिंटेज म्हणून नोंद केली की रोज चालवायला बंदी येते, म्हणून तिने साधीच नोंदणी ठेवली आणि दर पाच वर्षांनी तपासणीला नेते. “उभ्या गाडीचं रबर सुकतं, ब्रेकच्या तेलात पाणी शिरतं,” ती म्हणते. “रोज चालवली तर रोज कळतं की, तिला काय दुखतंय ते.”

ही गाडी आजच्या गाड्यांइतकी सुरक्षित नाही हे तिला पक्कं माहीत होतं. एअरबॅग नाही, दारात पोलादी पट्टी नाही. जे हातात होतं ते तिने केलं. खांद्यावरून येणारे पट्टे बसवले, डोक्यामागे पोलादी कमान लावली, ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या केल्या म्हणजे एक फुटली तरी दुसरी चालेल, आणि कमानीवर उंच एक जास्तीचा लाल दिवा. आमच्या ह्यांना, म्हणजे रत्नाकरना, हे पुरेसं वाटायचं नाही. ते सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले इंजिनियर. “ताई, तुमची गाडी सातशे किलो, समोरची अडीच हजार. गणित तुमच्या बाजूचं नाही.”

“गणित बरोबर आहे तुमचं, भावोजी,” कावेरी म्हणायची. “म्हणून तर मी जपून चालवतो.”

मागच्या फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमारास, आम्ही दोघी लवकर निघालो होतो. होसूर रोडच्या बाजूच्या रस्त्याने, डाव्या कडेने, पस्तीसच्या वेगात. लख्ख ऊन. आमच्या उजवीकडे एक उंच काळी गाडी बराच वेळ बरोबरीने चालली होती. पुढे डावीकडे पेट्रोल पंप आला. काळ्या गाडीवाल्याला तो ऐन वेळी आठवला असावा. त्याने इंडिकेटर दिला नाही, आरशात बघितलं नाही, सरळ चाक डावीकडे फिरवलं.

कावेरीने हॉर्न दाबला, ब्रेक दाबला, पण डावीकडे कठडा होता, जायला जागाच नव्हती. त्याचं पुढचं चाक आमच्या दारात शिरलं आणि आम्हाला कठड्यावर दाबत दहा-बारा हात घेऊन गेलं. मला डोक्याला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. कावेरीचं उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. तिने एकदाच “आई ग” म्हटलं आणि दुसऱ्या हाताने इंजिन बंद केलं.

काळ्या गाडीतून तिशीचा एक माणूस उतरला. उपेंद्र त्याचं नाव, ते नंतर कळलं. त्याने आधी आपलं बंपर बघितलं. मग आमच्याकडे बघून म्हणाला, “काणलिल्ला मॅडम.” दिसली नाही. आणि पुढे कानडीतच, “अशी खेळण्यातली गाडी रस्त्यावर आणायचीच कशाला?”

बाईचा खांदा लोंबतोय आणि हा तिलाच जाब विचारतोय! मी इतकी चिडले की मला कानडी सुचेना, मराठीतच ओरडले. भोवती जमलेले लोक तरी काय म्हणाले? एकजण म्हणाला, गाडी छान आहे. दुसरा म्हणाला, असल्या गाड्या प्रदर्शनात ठेवाव्यात. इंडिकेटर दिला होता का, हे त्या चाळीस माणसांत एकानेही विचारलं नाही.

पोलीस ठाण्यात तेच. कावेरीला दवाखान्यात पोचवून मी तिथे गेले. जबाब लिहून घेणाऱ्याने उपेंद्रचं म्हणणं पानभर उतरवलं. मी म्हटलं, “मी गाडीत होते, मीही सांगते.” तो म्हणाला, “नीवु अवर फ्रेंड अल्वा अक्का?” तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना? जणू मैत्रिणीला डोळे नसतात. कागदावर अपघाताचं कारण लिहिलं गेलं: वाहनाची उंची कमी असल्याने दिसून आले नाही.

मी ते वाक्य कावेरीला वाचून दाखवलं तेव्हा ती पलंगावर हात गळ्यात बांधून बसली होती. शेजारी गंगव्वा भाताची पेज घेऊन. कावेरी म्हणाली, “तीन वाजता, उन्हात, पिवळी गाडी. आणि कारण काय, तर माझी उंची.”

गंगव्वा म्हणाली, “वीक की ती गाडी आता.”

“का विकू? माझं चुकलं काय?”

“हाड मोडलंय तुझं.”

“मोडलं कुणी?” कावेरी म्हणाली. गंगव्वाने पेजेचा चमचा पुढे केला आणि विषय तिथेच थांबला.

महिनाभराने ती कामावर आली, तर तिची वाट बघत एक परिपत्रक तयार होतं. रोशन नावाचा नवा सुरक्षा अधिकारी. हुशार, सरळ, पण सगळं कागदावरून शिकलेला. त्याने लिहिलं होतं की असुरक्षित जुनी वाहनं कारखान्याच्या फाटकातून आत घेतली जाणार नाहीत. तशी गाडी कारखान्यात एकच होती. नाव घेतलं नाही एवढंच. कर्मचाऱ्यांनी कंपनीची बस वापरावी, असंही खाली होतं.

हात पूर्ण बरा नव्हता, त्यामुळे कावेरी बसने जाऊ लागली. मी बरोबर होते. पहिल्याच दिवशी ती मागच्या संकटकाळच्या दाराशी गेली. दारासमोर जादा चाक ठेवलेलं आणि चाकावर खोके. कडी गंजून बसलेली. पट्टे एकाही सीटला नव्हते. तिने डाव्या हाताने टेप लावून मापं घेतली आणि रोशनकडे गेली.

“तुझ्या परिपत्रकात बस सुरक्षित आहे,” ती म्हणाली. “ते मागचं दार मला उघडून दाखव.”

“मॅडम, बसचं फिटनेस सर्टिफिकेट आहे.”

“माझ्या गाडीचं पण आहे. तू माझी गाडी तपासलीस?”

“नाही.”

“बस तपासलीस?”

मला रोशनची कीव आली, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

खरी गोष्ट पुढे झाली. कारखान्याचे प्रमुख नरसिंहराव यांच्याकडे कावेरीने अर्धा तास मागून घेतला. शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर, मालाच्या अंगणात. नरसिंहराव स्वतः एका उंच, रुंद गाडीतून येतात. ती गाडी तिने अंगणाच्या मधोमध उभी करायला लावली आणि त्यांना चालकाच्या जागी बसवलं. मग आम्ही दोघींनी खरेदी विभागातले चार रिकामे पुठ्ठ्याचे खोके आणले, प्रत्येक पंचाण्णव सेंटिमीटर उंच. तिने ते स्वतः मापून कापून घेतले होते. गाडीच्या पुढे आणि डाव्या दाराजवळ ते उभे केले.

“सर, किती खोके दिसतात? आरशात बघायचं नाही. आरशात बघायची तसदी कुणी घेत नाही.”

नरसिंहरावांनी मान उंच केली, डावीकडे कलले. “एक. पुढचा, जरा लांबचा.”

“चार आहेत.”

ते खाली उतरून आले. बाकीचे तिन्ही खोके गाडीच्या अंगाला लागून होते. कावेरीने खडूने रेघ मारून दाखवलं, दारापासून सव्वा मीटरपर्यंत त्या सीटवरून एवढ्या उंचीचं काही दिसतच नाही. मग फाटकाबाहेर ठेवलेली पिवळी गाडी मी आत ढकलून आणायला लावली, कारण चालवत आत आणायला बंदी होती! योगीराजने दार ठोकून सरळ केलं होतं, रंग अजून बाकी होता. नरसिंहराव गुडघे दुमडून कसेबसे तिच्यात बसले. खोके तसेच तिच्याभोवती मांडले, तर चारही त्यांच्या डोळ्यांसमोर.

“माझ्या गाडीचं बॉनेट या खोक्यापेक्षा थोडं खाली आहे,” कावेरी म्हणाली. “मी दिसलो नाही म्हणून सगळे मला म्हणतात, गाडी बदल. सर, पंचाण्णव सेंटिमीटर म्हणजे अडीच-तीन वर्षांचं पोर. त्याला काय बदलायला सांगणार?”

अंगणात वीस-पंचवीस माणसं उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता. “आमचे भावोजी वजनाचं गणित मांडतात, ते मला मान्य आहे. आपटलं तर मी मरणार, समोरचा नाही. तो धोका मी माझ्या अंगावर घेतलाय. पण आरशात न बघता वळायचं, आणि मग ज्याला मारलं त्यालाच, तू लहान का, असं विचारायचं? हे मी ऐकून घेणार नाही. कागदावर लिहून आलं तरी नाही.”

रोशनने त्या दिवशी शेवटी टेप तिच्या हातातून घेतला आणि उरलेल्या सगळ्या गाड्यांभोवती स्वतः रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत अंगण खडूने भरलं. सोमवारी परिपत्रक मागे घेतलं गेलं. नवं आलं त्यात अंगणात चालत जाणाऱ्यांची वाट वेगळी आखली होती, मालाची गाडी मागे घेताना खाली माणूस उभा राहिलाच पाहिजे असं होतं, आणि बसचं दार त्याच आठवड्यात मोकळं झालं. रोशनने माफी मागितली नाही. मला वाटतं त्याने मागायला हवी होती. कावेरी म्हणाली, काम केलं की त्याने, सरी, ठीक आहे, सोड.

मी मात्र सोडलं नाही. पुन्हा त्या ठाण्यात गेले, या वेळी कावेरीला न सांगता. म्हटलं, माझा जबाब घ्या, घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. दोन तास बाकावर बसवलं. मग एका हवालदार बाईने, चंद्राबाई असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, कागद पुढे ओढला आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. इंडिकेटर नव्हता. हॉर्न वाजवला होता. आम्ही आमच्या रांगेत होतो. तो कागद आता फाइलमध्ये आहे. उंचीचं ते जुनं वाक्य अजून तसंच आहे, ते खोडायला कावेरीने दोन अर्ज दिलेत, उत्तर नाही. उपेंद्रचा काही फोन आला नाही. त्याची काळी गाडी एकदा मला बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला दिसली, नव्या बंपरसकट.

जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई श्रीविद्या यांनी खोक्यांची गोष्ट ऐकून कावेरीला बोलावलं. मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्या रोज सकाळी फाटकाशी एकमेकींना चिकटून पुढेमागे होतात, आणि त्यांच्यामधून मुलं चालतात. शनिवारी सकाळी कावेरीने एकेका पालकाला त्याच्याच गाडीत बसवून खोके मोजायला लावले. एक आई मोजून झाल्यावर स्टिअरिंगवरून हातच काढेना. एक बाप मात्र वैतागला. “माझ्या गाडीला पाच स्टार आहेत मॅडम, सगळ्यात सेफ आहे ही.”

“ते तारे आत बसणाऱ्यांचे,” कावेरी म्हणाली. “बाहेर उभं राहणाऱ्याला किती दिले?”

तो काच वर करून निघून गेला. पण पुढच्या सोमवारपासून बाईंनी फाटकासमोर गाड्या बंद केल्या. आता सगळे कोपऱ्यावर थांबतात आणि पोरांना हात धरून चाळीस-पन्नास पावलं चालवत आणतात. तो बापही आणतो. तोंड वाकडं करून आणतो.

कावेरी अजून रोज तीच गाडी चालवते. उंच गाडी बरोबरीला आली की हल्ली ती वेग कमी करून तिला पुढे जाऊ देते. मी विचारलं, भीती बसली का? “बसली,” ती म्हणाली, “आणि ती बसली याचा रागही येतो.” माझ्या ह्यांनी मला त्या गाडीत बसायला मनाई केली होती. मी अजून बसते. प्रत्येक वेळी पट्टा ओढून बघते, आणि डावीकडे वळणारा प्रत्येक जण इंडिकेटर देतो का ते मोजत जाते. काल दहांपैकी चौघांनी दिला.